फातोर्ड्याचे मैदान कोणाचे?

मडगावजवळच्या फातोर्ड्याचे नेहरू स्टेडियम १९८९ साली जनतेच्या पैशातून उभे राहिले. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला तेथे ऑस्ट्रेलिया व श्रीलंका यांचा एकदिवसीय सामना झाला. फुटबॉलवेड्या गोव्यात एकाच मैदानाने दोन्ही खेळ नांदविले. २४ ऑक्टोबर २०१० चा भारत-ऑस्ट्रेलिया सामना मात्र पावसाने एकही चेंडू न पडता वाहून नेला, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट तेथे पुन्हा परतले नाही. जानेवारी २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धेसाठी मैदानाचा जीर्णोद्धार झाला. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉल विश्वचषक स्पर्धाही तेथे रंगली.

या वैभवाचा आम्हांस अभिमान आहे. परंतु पाहुणे येणार म्हणूनच घर सारवावयाचे, ही रीत संसारास शोभत नाही. देखभालीची तरतूद प्रतिवर्षी व्हावयास हवी. स्पर्धा नसतील तेव्हा, गवताची निगा राखून व वेळ नेमून, शाळेतील मुलांस तेथे खेळू दिले पाहिजे. ज्या जनतेने पैसा दिला तीच या मैदानाची धनीण आहे. तिच्या लेकरांनी केवळ कुंपणाबाहेरून जयघोष ऐकावा काय? याचे उत्तर सरकारने कृतीने द्यावे!