स्प्लिटचा राहता राजवाडा

क्रोएशियातल्या स्प्लिटला एकच दिवस मिळाला, तर सुरुवात तळघरांपासून करावी. रोमन सम्राट डायोक्लेशियनने 305 साली आपणहून सत्ता सोडली आणि एड्रियाटिकच्या काठी बांधून घेतलेल्या या तटबंदी राजवाड्यात तो राहायला आला. त्याची वरची दालनं आज जवळजवळ उरलेली नाहीत. खालच्या कमानदार खोल्या मात्र शाबूत आहेत, आणि त्यांची आखणी वरच्या मजल्यासारखीच असल्यामुळे हरवलेला महाल खालून वाचता येतो. त्या टिकल्या कशा? मध्ययुगात वर राहणाऱ्यांनी शतकानुशतकं आपला केरकचरा त्यांत लोटला. भरलेल्या खोल्या विसाव्या शतकात उपसल्या गेल्या.

ही माणसं आली कुठून? सातव्या शतकात शेजारचं सलोना शहर उद्ध्वस्त झालं आणि तिथल्या लोकांनी या भिंतींचा आसरा घेतला. जिना चढून खांबांच्या चौकात आलं की त्यांचा संसार दिसतो: रोमन खांबांच्या मधे नंतरच्या घरांच्या भिंती, भिंतींत खिडक्या. चौकालगत सम्राटाची अष्टकोनी समाधी आहे. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या या माणसाच्या समाधीचं पुढे कॅथेड्रल झालं, तेही त्याच्याच राजवटीत मारल्या गेलेल्या सलोनाच्या बिशपच्या, संत डोम्नियसच्या नावाने. दाराशी इजिप्तहून आणलेला स्फिंक्स, आणि दाराला आंद्रिया बुविनाने 1214 मध्ये कोरलेली लाकडी कवाडं. इथे निवांत थांबावं. उत्तर दरवाजावरच्या पहारेकऱ्यांच्या बोळात बसवलेलं संत मार्टिनचं इवलंसं चर्चही चुकवू नये.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही घरं पाडून रोमन वास्तू ‘मोकळी’ करण्याचे बेत होते. स्प्लिट तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं. व्हिएन्नाचे कलेतिहासकार आलोइस रीगल यांनी 1903 च्या अहवालात मध्ययुगीन आणि त्यानंतरच्या इमारतींचीही बाजू घेतली. मला ते आजही पटतं. युनेस्कोने 1979 मध्ये वारसा म्हणून नोंदवला तोही एकटा राजवाडा नव्हे, तर सगळा ऐतिहासिक परिसर.

आता धोका पाडापाडीचा नाही. तटाच्या आतली घरं पर्यटकांना रोजच्या भाड्याने दिली जातात आणि मूळ रहिवासी बाहेर पडतात. दगडांच्या डागडुजीवर जसा खर्च होतो, तसा तिथे राहणारी कुटुंबं टिकावीत म्हणूनही व्हायला हवा, आणि रोजभाड्याच्या घरांना कडक मर्यादा हवी. आपणही मुक्काम तटाबाहेर करावा. आत चालत पोचायला फार वेळ लागत नाही.