वेशीबाहेरून आलेल्यांनी नवी वेस बांधू नये

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आपल्या मंडळातील चार-दोन कुटुंबांचे स्थलांतर ठरलेले असते. कोणी टेक्सासला निघते, कोणी न्यू जर्सीला, तर कोणी सिएटलच्या बाजूला. अशा वेळी होणाऱ्या चर्चेचे विषय आता सर्वांना पाठ झाले आहेत. तेथे आपले भारतीय लोक कोठे राहतात? शाळेला दहापैकी गुण किती? वसाहतीची होमओनर्स असोसिएशन कडक आहे ना, म्हणजे घराची किंमत उतरणार नाही? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर आपली कुटुंबे तीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतात. हे तीन प्रश्न बौद्ध कुटुंबाला शोभणारे नाहीत, आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ते अपुरे आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते या स्मरणिकेतून मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

घराचा प्रश्न हा आपल्यासाठी केवळ सोयीचा प्रश्न कधीच नव्हता. कोणी कोठे राहावे हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती असणे, हेच तर अस्पृश्यतेचे दृश्य रूप होते. गावाला वेस होती आणि वेशीबाहेर महारवाडा होता. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून परतलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या संपूर्ण शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले; अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. जगातील उत्तम विद्यापीठांची विद्या पाठीशी असूनही डोक्यावर छप्पर मिळेना, हा अनुभव बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणाचा कठोर समाचार घेतला, त्यामागे हीच वेस होती.

आता ज्या देशात आपण घर घेतो त्या देशाची वेस पाहू. १९१७ साली, म्हणजे बडोद्याच्या त्याच वर्षी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वस्त्या वाटून देणारा लुईव्हिल शहराचा वटहुकूम रद्द केला. परंतु भेद करणाऱ्यांनी दुसरी वाट शोधली. घराच्या खरेदीखतातच अट घातली जाऊ लागली की हे घर काळ्या माणसाला विकू नये वा भाड्याने देऊ नये. अनेक ठिकाणी त्या यादीत ज्यू आणि आशियाई लोकही होते, म्हणजे आपणही होतो. कित्येक खतांत एक अपवाद मात्र असे: घरात नोकर म्हणून राहणाऱ्यास ही अट लागू नाही. गावकीची कामे करावयास वेशीच्या आत आणि वस्तीला वेशीच्या बाहेर, हा न्याय ज्यांनी भोगला त्यांना या अपवादाचा अर्थ समजावून सांगावयास नको.

सेंट लुईसच्या शेली कुटुंबाच्या खटल्यात ३ मे १९४८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणण्यास मनाई केली. तोवर सरकारही या पापात सामील झालेले होते. १९३४ मध्ये स्थापन झालेले संघीय गृहनिर्माण प्रशासन कर्जाची हमी देताना अशा अटींची शिफारसच करीत असे. १९६६ च्या ऑगस्टमध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत खुल्या वस्तीच्या हक्कासाठी मोर्चा घेऊन निघाले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर दगड बसला. ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर एका आठवड्यात, ११ एप्रिलला, घरविक्रीतील व भाड्यातील भेदभावाला बंदी करणारा फेअर हाऊसिंग कायदा झाला. ज्या १९६५ च्या कायद्याने आपल्याला या देशाची दारे उघडली, तोही त्याच नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळातील. आपण आज हव्या त्या वसाहतीत घर पाहावयास जातो ते काळ्या बांधवांनी सांडलेल्या रक्ताच्या बळावर, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

आता पहिला प्रश्न घेऊ. 'आपले लोक' कोठे राहतात? या प्रश्नाचे उत्तर घरांचा एजंट देत नाही, कारण वंश वा धर्म पाहून ग्राहकाला विशिष्ट वस्तीकडे वळविण्यास कायद्याने बंदी आहे. म्हणून आपण ते भारतीय किराणा दुकानात आणि कार्यालयातल्या जेवणाच्या टेबलावर शोधतो. पण आम्ही विचारतो, हे 'आपले' म्हणजे कोण? ज्या वसाहतीत पहिल्या भेटीत आडनाव विचारले जाते, आडनावावरून कळले नाही तर गाव, गावावरून कळले नाही तर कुलदैवत विचारले जाते, जेथे भाड्याच्या जाहिरातीत शाकाहारी कुटुंबास प्राधान्य असते, तेथील सगळेच आपले कसे? भाषेचा गोडवा आम्हांलाही आहे. मराठी ऐकावयास कान आसुसतात. पण त्या गोडव्यापोटी आपली कित्येक कुटुंबे दिवाणखान्यातील बुद्धमूर्ती ठेवतात आणि बाबासाहेबांची तसबीर मात्र आतल्या खोलीत नेतात. पाहुण्यांना बुद्ध चालतो. तो सजावट म्हणून खपून जातो. बाबासाहेब चालत नाहीत, कारण ते ओळख सांगतात. बडोद्यात नाव बदलून राहणे बाबासाहेबांवर लादले गेले होते. सात समुद्र ओलांडून, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या घरात आपण तसबीर आत नेत असू, तर ती सक्ती आपण आपणहून पत्करली आहे.

कायदाही या बाबतीत अजून अर्ध्या वाटेवर आहे. फेअर हाऊसिंग कायद्यात वंश, वर्ण, धर्म, मूळ राष्ट्र यांची नावे आहेत. जातीचे नाव नाही. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर स्पष्ट बंदी घातली आणि तीत घरांचा व्यवहारही समाविष्ट केला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले जातिभेदविरोधी विधेयक मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी नाकारले. ते विधेयक पडावे म्हणून झटणाऱ्यांत अनेक भारतीय संघटनाच होत्या. वसाहत निवडताना ही गोष्ट ध्यानी ठेवलेली बरी.

दुसरा प्रश्न शाळेचा. मुलांच्या शिक्षणासाठी जिवाचे रान करणे हा आपला वारसा आहे आणि त्याविषयी आम्हांला अभिमानच वाटतो. आक्षेप आहे तो दहापैकी नऊ या आकड्यावरील आंधळ्या श्रद्धेवर. असे गुणांकन मुख्यतः परीक्षांच्या निकालांवर बेतलेले असते, आणि परीक्षांचे निकाल पालकांच्या उत्पन्नाच्या मागोमाग चालतात. येथील शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो, म्हणून जेथे घरे महाग तेथे शाळा श्रीमंत. १९७३ साली सॅन अँटोनियोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही विषमता घटनेच्या आड येत नाही असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले. १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात शहराची मुले आणि उपनगरांची मुले एकत्र आणण्याची योजना फेटाळली. १९५४ च्या ब्राऊन निकालाने जी भिंत पाडली ती स्कूल डिस्ट्रिक्टच्या सीमारेषेच्या रूपाने पुन्हा उभी राहिली. तेव्हा नऊ गुणांची शाळा म्हणजे पुष्कळदा केवळ महाग घरांची शाळा असते.

मग शाळा पाहावी कशी? २०१५ च्या संघीय शिक्षण कायद्यानुसार प्रत्येक राज्याला शाळांचे अहवाल प्रसिद्ध करावे लागतात, आणि त्यांत काळी मुले, लॅटिनो मुले, गरीब घरांतील मुले, इंग्रजी शिकणारी मुले यांचे निकाल वेगवेगळे द्यावे लागतात. ते काढून वाचा. एकूण सरासरीपेक्षा त्या शाळेत गरिबाचे मूल किती शिकते ते पाहा. कोणत्या मुलांना वरचेवर शिक्षा होते, वरच्या वर्गाच्या गणितात कोणाची मुले बसविली जातात, याची चौकशी करा. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. त्या शाळेच्या एकूण निकालावरून त्या गोणपाटाचा पत्ता लागला असता काय? शेवटच्या मुलाला शाळा कोठे बसविते, ही आपली कसोटी असावयास हवी. आणि शाळा जिंकल्याचा आनंद मुलांना किती महाग पडतो तेही पाहा. न्यू जर्सीतील वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो येथे २०१५ साली विद्यार्थ्यांवरील ताणाच्या चिंतेने शाळाप्रशासनाला हायस्कूलच्या सहामाही व वार्षिक परीक्षा बंद कराव्या लागल्या.

तिसरा प्रश्न असोसिएशनचा. आज अमेरिकेत सुमारे साडेसात कोटी लोक अशा संघटित वसाहतींत राहतात. खरेदीच्या वेळी ज्या शे-दीडशे पानांच्या गठ्ठ्यावर आपण न वाचता सही करतो, ती त्या वसाहतीची घटना असते. ज्यांच्या नेत्याने देशाची राज्यघटना लिहिली, त्यांनी आपल्या घराची घटना न वाचावी याला काय म्हणावे? भिंतीचा रंग, गवताची उंची, वाळत घातलेले कपडे, रस्त्यावर उभ्या गाड्या, घर भाड्याने देणे, या सर्वांवर तीत नियम असतात. वर्गणी थकली तर अनेक राज्यांत असोसिएशन घरावर बोजा चढवू शकते आणि प्रसंगी घराचा लिलावही करवू शकते. म्हणून सही करण्यापूर्वी नियम, गेल्या वर्षा-दोन वर्षांचे सभावृत्तांत आणि राखीव निधीचा हिशेब मागून घ्यावा. निधी रिता असेल तर उद्या छपरासाठी वा रस्त्यासाठी प्रत्येक घरावर मोठी रक्कम लादली जाईल.

आपल्या दृष्टीने आणखी काही कलमे महत्त्वाची आहेत. रविवारच्या वंदनेला वा १४ एप्रिलला घरी पन्नास माणसे जमली तर गाड्या कोठे लावावयाच्या? पंचशील ध्वज वा निळा ध्वज दारावर लावता येईल काय? २००६ साली संमत झालेल्या संघीय कायद्याचे संरक्षण केवळ अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाला आहे. टेक्साससारख्या काही राज्यांनी दारावरील धार्मिक चिन्हांसाठी स्वतंत्र कायदा केला आहे, सर्वांनी नाही. तरी हताश होण्याचे कारण नाही. शिकागोतील एका इमारतीने ज्यू कुटुंबाच्या दारचौकटीवरील मेझूझा नियमाच्या नावाखाली वारंवार काढून टाकला, तेव्हा २००९ साली तेथील संघीय अपील न्यायालयाने त्या कुटुंबाला भेदभावाचा दावा चालविण्याची मुभा दिली. नियम सर्वांना सारखा दिसला तरी तो एखाद्या धर्माच्या माणसांना छळण्यासाठी वापरता येत नाही, हे त्यातून ठरले.

परंतु आमची खरी चिंता याहून वेगळी आहे. या नियमांचा जाच आपल्याला होईल याचे भय आहेच; त्यापेक्षा मोठे भय हे आहे की ते नियम आपल्याला आवडू लागतील. शेजारी स्वस्त सदनिकांची इमारत येणार म्हटले की नगर परिषदेच्या सभेत विरोधाला उभ्या राहणाऱ्यांत आपलेही चेहरे दिसू लागले आहेत. कारणे तीच: गर्दी वाढेल, शाळा बिघडेल, किंमत उतरेल. न्यू जर्सीतील माउंट लॉरेल गावाने हेच केले होते. पिढ्यान् पिढ्या तेथे राहिलेल्या काळ्या कुटुंबांना परवडेल असे घर बांधण्यास झोनिंगने वाव ठेवला नव्हता. १९७५ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाची ही वेस मोडली. त्या राज्यात सुखाने राहणाऱ्या बौद्धाने आज गावाच्या बाजूने हात वर करावा काय? मायदेशातही चित्र आशादायक नाही. २००५ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका सहकारी गृहसंस्थेला सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्यास मान्यता दिली. तिकडे आपण त्या निकालाने व्यथित होतो आणि इकडे तीच वृत्ती घराच्या किमतीच्या नावाने जोपासतो, हे विसंगत आहे.

कोणी म्हणेल, मुलांच्या भवितव्याशी तत्त्वासाठी खेळू नका. आम्ही वाईट शाळेत मुले घाला असे म्हणत नाही, असुरक्षित वस्तीत राहा असेही म्हणत नाही. चांगल्या शाळा, सुरक्षित रस्ते, परवडणारे कर्ज हे पाहिलेच पाहिजे. परंतु त्या यादीत आणखी काही ओळी जोडा. येथे नाना वर्णांची माणसे राहतात काय? माझ्या मुलाला आपल्या आजोबांचे नाव आणि आपला धर्म मोठ्याने सांगता येईल काय? मजहून गरीब माणसाला येथे दार उघडे आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असूनही तेथेच राहावे लागले, तर असोसिएशनच्या मंडळावर निवडून जा, नगर परिषदेच्या सभेला जा आणि ते दार उघडण्यासाठी मत द्या. जुन्या खतांतील वर्णद्वेषी अटी आज निरर्थक असल्या तरी कागदावर आहेत. कॅलिफोर्नियाने २०२१ साली त्या खोडून टाकण्याचा कार्यक्रम प्रत्येक काउंटीवर बंधनकारक केला. आपल्या खतात अशी अट आढळली तर ती काढावयास लावणे हे आपलेच काम आहे.

मंडळाकडेही आमची मागणी आहे. प्रत्येक शहरातील एका कुटुंबाने तेथील शाळा, वसाहती व असोसिएशनचे अनुभव लिहून ठेवावेत आणि नव्याने येणाऱ्या कुटुंबाला, विशेषतः एकट्याने येणाऱ्या तरुणाला, जागा मिळेपर्यंत आपल्या घरी उतरवून घ्यावे. बडोद्यात बाबासाहेबांसाठी एक दार उघडले नाही. आपल्यापैकी कोणाचेही दार त्या दारांत मोजले जाऊ नये.

जय भीम! नमो बुद्धाय!