पैसे अमानतीचे, नाव आपले

शाळेची सहल असो, गॅदरिंग असो की मोहल्ल्यातल्या मुलांची क्रिकेट स्पर्धा, वर्गणी गोळा करायचे काम कुणातरी एकाच्या गळ्यात पडते. पूर्वी त्याच्याकडे पत्र्याचा डबा आणि पावतीपुस्तक असायचे. आता त्याचा मोबाइल असतो. डब्यावर कुणाचे नाव नसे. मोबाइलवर आलेला प्रत्येक रुपया मात्र कुणाच्या तरी नावावर जमा होतो. या महिन्यात त्या नावाविषयी बोलू.

माझ्या खालाची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. तिच्या मुलीच्या शाळेतला बँड सहलीला जायचा होता. तिकडे अशा कामासाठी मुले गाड्या धुतात, खाऊ विकतात. रोख पैसे फारसे कुणी देत नाही, म्हणून हिने फोनला जोडायचे छोटे कार्ड मशीन घेतले आणि स्वतःच्या नावाने खाते उघडले. ८,६०० डॉलर जमले आणि सगळेच्या सगळे शाळेला दिले. जानेवारीत तिच्या घरी एक कागद आला : फॉर्म १०९९-के. त्यावर तिचे नाव, तिचा सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि पुढे ८,६०० डॉलर. तिने मला फोन केला. "आपा, यातला एक डॉलर माझा नाही. मग हे माझ्या नावावर कसे?"

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर समजून घेण्यासारखे आहे. कार्डाने किंवा ॲपवरून कुणाला किती पैसे मिळाले हे पैसे पोहोचवणाऱ्या कंपनीने सरकारला कळवायचे, असा कायदा अमेरिकेत २००८ साली झाला आणि २०११पासून लागू झाला. व्यापाऱ्यांची विक्री लपू नये हा त्याचा हेतू. पण कंपनीला समोरचा दुकानदार आहे की बँडवाल्या मुलीची आई, हे दिसत नाही. तिला दिसतो फक्त खाते उघडताना दिलेला क्रमांक. ॲपवाल्या कंपन्यांसाठी मर्यादा होती वर्षाला २०,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम आणि २००पेक्षा जास्त व्यवहार. २०२१च्या कायद्याने ती ६०० डॉलरवर आणायचे ठरले, अंमल पुढे पुढे ढकलला गेला आणि जुलै २०२५मध्ये जुनीच मर्यादा परत आली. पण काही राज्यांची मर्यादा वेगळी आहे. न्यू जर्सीत ती १,००० डॉलर आहे. म्हणून हिला कागद आला.

अशा वेळी माणूस दोन चुकीच्या वाटा धरतो. एक म्हणजे कागद खणात टाकून देणे. त्याची प्रत कर खात्याकडे गेलेली असते, तिकडचा आकडा आणि आपले विवरणपत्र जुळले नाही की पत्र येते. दुसरी म्हणजे घाबरून ती रक्कम आपले उत्पन्न म्हणून दाखवणे आणि दुसऱ्याच्या पैशांवर स्वतःच्या खिशातून कर भरणे. सरळ वाट अशी : आधी कागद पाठवणाऱ्या कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती मागायची, कारण दुरुस्ती तीच करू शकते, कर खाते नाही. दुरुस्ती झाली नाही, तर विवरणपत्राच्या 'शेड्यूल १'मध्ये वरच्या बाजूला अशाच चुकून आलेल्या रकमेसाठी जागा ठेवली आहे, तिथे ती लिहायची. आणि शाळेची पोच, बँकेचा उतारा, रोजची जमा हे सगळे जपून ठेवायचे. एक बारकावा लक्षात घ्या. फॉर्मवर एकूण रक्कम असते, कंपनीने कापलेले शुल्क त्यातून वजा केलेले नसते. म्हणून खात्यात आलेला आकडा आणि फॉर्मवरचा आकडा जुळत नाही. शुल्काची नोंद नसेल, तर मधले डॉलर कुठे गेले, हा प्रश्न उभा राहतो.

जकातीचा हिशेब करताना आपण दुसऱ्याची अमानत बाजूला काढून मोजतो. तोच विचार इथे आहे. फरक एवढाच की सरकारला आपली नियत दिसत नाही, कागद दिसतो.

मुलांसाठी जमवलेल्या पैशांत आणखी एक गुंता होतो. ज्याने जास्त जमवले त्याच्या मुलाला जास्त, हे वरवर न्यायाचे वाटते. व्हर्जिनियातल्या मुलामुलींच्या एका जिम्नॅस्टिक्स क्लबने असेच केले. जो पालक जितका माल विकेल तितके गुण, आणि तितकी त्याच्या मुलाची फी कमी. २०१३ साली अमेरिकेच्या कर न्यायालयाने निकाल दिला की हा फायदा मुलांच्या समूहाचा नाही, एकेका घराचा आहे, आणि क्लबची करसवलत गेली.

आपल्याकडे हा फॉर्म नाही, पण नाव आपल्याकडेही मोजले जाते. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर नोव्हेंबर २०२१पासून 'वार्षिक माहिती विवरण' दिसते. आपल्या पॅनवर काय काय नोंदले आहे ते तिथे पाहता येते, आणि एखादी नोंद आपली नसेल तर तसे कळवताही येते. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर भेट म्हणून मिळालेली रक्कम उत्पन्नात धरली जाते. वर्गणी ही भेट नव्हे, हे सिद्ध करायचे तर कागदच लागतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगीही घ्यावी लागते.

म्हणून घरातला मुलगा किंवा मुलगी उद्या म्हणाली, "अब्बा, वर्गणीसाठी माझाच क्यूआर कोड लावलाय," तर शाबासकी जरूर द्या, पण लगेच विचारा : शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्याचा कोड का नाही? खरोखरच दुसरा मार्ग नसेल, तर त्या कामापुरते वेगळे खाते वापरा. रोज संध्याकाळी जमा लिहा, देणाऱ्याला पावती द्या, रक्कम संस्थेला रोख न देता बँकेतून पाठवा आणि सही-शिक्क्याची पोच घ्या. हिशेबाचा कागद नोटीसबोर्डावर लावा. मुलाच्या प्रामाणिकपणावर तुमचा विश्वास असेलच. पण चार वर्षांनी कुणी विचारले, तर उत्तर त्या वहीनेच द्यायचे आहे.