कातड्याची जकात आणि गावचा कारागीर

शेतकरी व कारागीर बंधूंनो, जकातीचे पुस्तक साहेबांचे, आपले नव्हे, असे समजू नका. त्याचे ४१ वे प्रकरण कातड्याचेच आहे! १९१९ साली इंग्रजाने कच्च्या कातड्याच्या निर्गतीवर १५ टक्के जकात बसविली, आणि साम्राज्यात कमावण्यास जाणाऱ्या मालाला त्यांतले १० टक्के परत दिले. नाव हिंदी धंद्याचे, लोणी विलायतेला! १९२३ साली ती सवलत गेली.

आता स्वराज्य आहे. २०२५ च्या अंदाजपत्रकाने परदेशी 'वेट ब्लू' म्हणजे क्रोमाने कमावलेल्या, रंगविण्यापूर्वीच्या निळ्या चामड्यावरील १० टक्के जकात माफ झाली. कारखान्यांत पोरांना काम मिळेल म्हणतात; मिळो. परंतु ही माफी कंटेनर मागविणाऱ्याच्या पदरात पडते. आमच्या मोझरीचा चर्मकार कंटेनर कोठून मागवील? बाभळीची साल, हिरडा, चुना घेऊन मेलेल्या जनावराचे कातडे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावले, त्यांच्या वाट्याला विटाळ आला. विटाळ मानणारे मात्र त्याच चामड्याचे जोडे घालून मिरवले!

जकात माफ करा, आमची ना नाही. पण तेच चामडे तिवशाच्या बाजारात, त्याच भावाने, एकेक नग मिळेल अशी सोय सरकारने करावी. ती केव्हा करणार, एवढे आमदार-खासदारांनी गावात येऊन सांगावे.