पत्रिकेत हुशारी दिसते का?

परवा गडहिंग्लजच्या बाजारात ओळखीच्या एक ताई भेटल्या. चेहरा उतरलेला होता. मुलगा दहावीला गणितात नापास झाला. शेजारणीच्या सांगण्यावरून त्यांनी त्याची पत्रिका एकाला दाखवली. “विद्येचा योग नाही, कामाला लावा,” असे सांगून त्याने दक्षिणा घेतली. मुलाने पुस्तके माळ्यावर टाकली.

माता-भगिनींनो, हे ऐकून मला डॉ. जयंत नारळीकरांची आठवण झाली. हे आपल्याच जिल्ह्याचे. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मले. केंब्रिजला शिकले. तिथे फ्रेड हॉइल यांच्यासोबत त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. १९७२ साली ते मायदेशी परतले आणि १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही संशोधन संस्था उभी केली. ग्रह-ताऱ्यांच्या अभ्यासात जन्म घालवलेल्या या माणसाने पत्रिकेचीच परीक्षा घ्यायचे ठरवले.

२००८ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने २०० मुलांच्या पत्रिका तयार केल्या. १०० मुले हुशार, १०० मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद, एवढेच सांगायचे होते. ५१ जण तयार झाले, पण उत्तरे आली २७ जणांची. १०८० उत्तरांपैकी बरोबर निघाली ४९८, म्हणजे शेकडा ४६. नुसता छापा-काटा केला असता तरी निम्मी बरोबर आली असती!

नारळीकरांची आणखी एक रीत होती. मुले सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. मग त्यांच्या सहीनिशी उत्तर घरी येई. सही हवी तर आधी डोके चालवा, असा त्यांचा हिशेब!

२० मे २०२५ रोजी ते गेले. आता त्यांचे पोस्टकार्ड येणार नाही, पण त्यांची पुस्तके आहेत. ग्रंथालयात ‘आकाशाशी जडले नाते’ मागा, मुलांना वाचायला द्या.

ताईंना मी एवढेच सांगितले : पत्रिका गुंडाळून ठेवा, गणिताचे पुस्तक माळ्यावरून खाली काढा आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरा. मुलाला कुठे अडते ते त्याच्या गुरुजींना विचारा. ते शनी-मंगळाला ठाऊक नसते.