अपुऱ्या दिवसांचें मूल आणि त्याची भाषा

अपुऱ्या दिवसांचें मूल जगलें, बाळसें धरूं लागलें, म्हणजे घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना देव पावल्यासारखें वाटतें. आणि तें साहजिकच आहे. पूर्वीं ३२ आठवड्यांच्या आंत जन्मलेलें मूल हातीं लागणें कठीण असे. आतां उबदार पेटी, श्वासोच्छ्वासाचीं यंत्रें, आणि मूल आईच्या छातीशीं उघड्या अंगानें धरून ठेवण्याची १९७८ सालीं कोलंबियांतील बोगोटा येथें सुरू झालेली पद्धत, यांमुळें अशीं पुष्कळ मुलें सुखरूप घरीं येतात. परंतु जीव वांचला म्हणजे काळजी सरली असें नाहीं. त्यांच्या भाषेकडे घरोघर जें दुर्लक्ष होतें, त्याविषयीं आज आम्ही चार शब्द लिहीत आहों.

प्रथम वयाचा हिशेब नीट करावा. २८ व्या आठवड्यास जन्मलेलें मूल बारा आठवडे आधीं आलेलें असतें. त्यामुळें त्याच्या वर्षाच्या वाढदिवशीं त्याचें वय नऊच महिन्यांचें समजावें. पहिलीं दोन वर्षें हीच रीति पाळावी. शेजारच्या मुलाशीं त्याची तुलना करून आईला हिणविणें हा निव्वळ अन्याय होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुढें मूल बोलूं लागतें, काऊ-चिऊ म्हणतें, सर्वांना हांका मारतें, आणि घर निश्चिंत होतें. पण शब्द येणें निराळें व वाक्य येणें निराळें. आपल्या मराठींत ‘मीं आंबा खाल्ला’, ‘मीं पोळी खाल्ली’, ‘मीं केळें खाल्लें’. खाणारा एकच, पण क्रियापद चालतें तें खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणें! ‘ज्या मुलाला कुत्र्यानें पाहिलें, तो पळाला’ ह्या वाक्यांत पळालें कोण, हें समजण्यास वाक्याचा आरंभ शेवटपर्यंत ध्यानांत धरावा लागतो. ही शक्तीच कित्येक अपुऱ्या दिवसांच्या मुलांत उणी असते. अनेक संशोधनांचे निष्कर्ष एकत्र करून २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणांत असें आढळलें कीं, तीन ते बारा वर्षांच्या वयांत अशा मुलांचें साध्या शब्दज्ञानांतील मागेपण वाढत नाहीं. पण गुंतागुंतीच्या भाषेंतील अंतर मात्र वयाबरोबर वाढत जातें. सर्वच मुलांचें असें होतें असें नव्हे. तथापि ‘आतां बोलतो ना, मग झालें’ असें म्हणून कोणीं स्वस्थ बसूं नये.

मग करावें काय? आधीं कान तपासून घ्यावे. मूल रुग्णालयांत असतांनाच आईबापांनीं त्याच्याशीं हलक्या आवाजांत बोलावें. अशा खोलींत मोठ्यांचें बोलणें ज्यांच्या कानीं अधिक पडलें, तीं मुलें दीड वर्षाच्या सुमारास भाषेंत पुढें असल्याचें २०१४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत दिसलें. एकत्र कुटुंबांत बोलणाऱ्यांना तोटा नसतो. पण मुलाभोंवतीं चाललेलें बोलणें वेगळें, आणि मुलाशीं केलेलें बोलणें वेगळें. आजोबांनीं, काकूंनीं, आत्यानें एका वेळीं एकानेंच त्याच्यासमोर बसून बोलावें. तें ‘दूध सांडला’ म्हणालें, तर हंसूं नये, दरडावूं नये, ‘होय, दूध सांडलें, चल, पुसूं या’ इतकेंच म्हणावें. गोष्ट सांगून झाल्यावर तीच त्याच्याकडून ऐकावी.

शाळेंत जाऊं लागल्यावरही त्याला गोष्ट क्रमानें सांगतां येत नसेल, किंवा एका दमांत सांगितलेलीं दोन कामें ध्यानांत राहत नसतील, तर त्यास मंद अथवा हट्टी न ठरवितां वाचातज्ज्ञाकडे न्यावें. २०१३ सालीं सुरू झालेल्या सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि मुंबईंत वांद्रे येथें १९८३ सालीं स्थापन झालेली वाणी व श्रवण यांसाठीं राष्ट्रीय संस्थाही आहे.

आणि सुनेला बोल लावणें तेवढें सोडावें. तिच्या चुकांचा पाढा वाचण्यांत जाणारा वेळ नातवाशीं बोलण्यांत घालविला, तर घरांतील वडील मंडळींच्या हातून एक मोठें काम होईल.