चोरावर मोर!

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत दारे दिवसभर उघडी असत. पण शेजाऱ्याचे पत्र फोडून वाचणारा माणूस साऱ्या चाळीच्या नजरेतून उतरत असे. चुकून आलेले टपाल न उघडता ज्याचे त्याला पोहोचते होई. हा संस्कार कोणत्याही कायद्याने शिकवलेला नव्हता. आज त्याच वस्तीतला तरुण मित्राचे फेसबुक वा इन्स्टाग्राम खाते फोडण्याचे 'फुकट' सॉफ्टवेअर उतरवून घेतो आणि घरातील वडीलधारे 'पोरगा संगणकात भारी हुशार' म्हणून कौतुक करतात!

ही हुशारी नेमकी कोणाच्या पथ्यावर पडते? बटण दाबताच कोणाचाही पासवर्ड हाती देणारे जादूचे यंत्र बाजारात नसते. असते ते आमिष. २०१६ साली 'इसेट' या सुरक्षा कंपनीने 'रेमतासू' नावाच्या घातक प्रोग्रॅमचा असाच प्रकार उघडकीस आणला. फेसबुक खाते फोडण्याचे साधन म्हणून तो पसरवला जात होता. प्रत्यक्षात तो उतरवून घेणाऱ्याच्याच कळफलकावरील प्रत्येक अक्षर टिपत होता. त्याचा सर्वाधिक प्रादुर्भाव कोलंबियात आढळला. पण दादर काय नि बोगोटा काय, मोह सर्वत्र सारखाच! अशा साधनांसोबत बहुधा एक सूचना असते : 'आधी विषाणूरोधक बंद करा.' म्हणजे चोराने पहारेकऱ्याला सुट्टी देण्यास सांगावे आणि घरमालकाने ती आनंदाने द्यावी!

ज्या संगणकावर मुलाची ही 'गंमत' चालते, त्यावरच वडील बँकेचे व्यवहार करतात आणि एखादा कार्यकर्ता मंडळाच्या वर्गणीचा हिशेब ठेवतो. एकाच्या मोहाची किंमत साऱ्या घराने आणि मंडळाने का मोजावी?

'आम्ही केवळ आपल्या माणसांवर लक्ष ठेवतो,' असा युक्तिवाद काही जण करतात. परंतु संशय हे काही अधिकारपत्र नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६ अन्वये अशा घुसखोरीला ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यासाठी स्वतंत्र कलम ६६सी आहेच. त्यातही ३ वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. एवढ्या शिक्षेचे ओझे विशीतल्या मुलाच्या भवितव्यावर लादायचे काय?

पतंजलींनी यमांमध्ये 'अस्तेय' सांगितले, ते केवळ सोन्यानाण्यापुरते नव्हे. १८९३ साली गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. ज्या परिसराने समाजाला एकत्र यायला शिकवले, त्याच परिसरातील मंडळांनी आणि सुजाण पालकांनी आता हा विषय हाती घ्यावा. फसगत झाली असेल तर ती लाजेने दडवू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. आणि मुलांना एवढे ठणकावून सांगावे, की दुसऱ्याचे कुलूप फोडण्यासाठी हात पुढे करणारा स्वतःच्या घराची किल्ली आधी चोराच्या हाती देत असतो.